मदत हवी आहे : खापरपणजोबा प्रेस्बिटेरियन पाळक होते, त्यांच्या नोंदी कुठे शोधू?

मंडळी, नमस्कार.

माझ्या आजोबांचे आजोबा कोल्हापूर-रत्नागिरी भागात प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथातल्या) मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते. त्यांचं आयुष्य कागदपत्रांतून जुळवायचा प्रयत्न चालू आहे आणि आता गाडी अडली आहे. मिशनच्या इतिहासाचा किंवा जुन्या दफ्तरांचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्ग दाखवावा. नाव इथे जाहीर लिहीत नाही, ज्यांना शोधात मदत करायची असेल त्यांना व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवीन.

घरात जे आहे ते आधी सांगते. आमच्याकडे एक जुनं मराठी बायबल आहे. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथल्या कोऱ्या पानांवर कुटुंबाच्या नोंदी आहेत, बऱ्याचशा शकात. त्यात 'शके १८११, कोल्हापूर, पाळकाची दीक्षा' एवढंच एका ओळीत आहे. म्हणजे साल १८८९ किंवा १८९०. पुढे तीन मुलांचे जन्म रत्नागिरीचे, धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा कोडोलीचा. त्यानंतर अक्षर बदलतं, आणि त्यांच्या मृत्यूची नोंद कुणीच केलेली नाही. ते प्लेगात गेले असं आजोबा सांगत. कुठे गेले, कुठे पुरलं, हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं.

मूळ गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचं असावं, एवढाच अंदाज आहे. मोठ्या दुष्काळात, म्हणजे १८७६ ते १८७८च्या सुमारास, ते मिशनच्या आसऱ्याला आले आणि पुढे मिशनच्या शाळेत शिकून तिथेच शिक्षक झाले, असं घरात बोललं जायचं. जुनं आडनाव, जात, मागे राहिलेले भाऊबंद, यांबद्दल मात्र आमच्या घरात कधीच कुणी बोललं नाही. मला ते जाणून घ्यायचं आहे. पाळक झालेला माणूस आकाशातून पडलेला नसतो, त्याचीही आई कुठल्यातरी गावात मागे राहिलेली असते.

आता अडचण. आमच्या पुण्याच्या शाखेतल्या आत्या ठामपणे सांगतात की ते 'स्कॉच मिशनचे' होते. कोल्हापूरची बाजू म्हणते, अमेरिकन मिशनचे. दोन्ही मिशनं प्रेस्बिटेरियनच, त्यामुळे 'प्रेस्बिटेरियन पाळक' या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही. मी वाचलंय त्यानुसार स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये कोकणात बाणकोट-हर्णे भागात आले, १८२९ मध्ये जॉन विल्सन मुंबईला आले, आणि पुढे त्यांचं काम मुंबई, पुणे, जालना असं पसरलं. जालन्याचे रेव्ह. नारायण शेषाद्री यांना १८५४ मध्ये दीक्षा मिळाली होती, म्हणजे त्या मिशनमध्ये मराठी पाळकांची परंपरा बरीच आधीची. कोल्हापूरला अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले, आणि १८७० मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. तारखांवरून मला कोल्हापूरची बाजू बरोबर वाटते, पण आत्यांच्या बोलण्यातही काही तथ्य असेल असं वाटत राहतं.

आतापर्यंत काय पाहिलं? त्या भागातल्या एका मंडळीत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहायला मिळाल्या. तिथल्या पाळकसाहेबांनी आपुलकीने कपाट उघडून दिलं, पण सर्वांत जुनी वही वाळवीने खाल्लेली आहे. उरलेल्या वह्यांत खापरपणजोबांचं नाव बाप्तिस्मा देणारा म्हणून दोनदा दिसलं, सभासद म्हणून कुठेच नाही. हे मला फार विचित्र वाटलं. ज्या मंडळीत त्यांनी सेवा केली तिच्या सभासदांच्या यादीत तेच नाहीत?

मिशन बोर्डाचे छापील वार्षिक अहवाल इंटरनेट आर्काइव्हवर सापडले. त्यात प्रत्येक ठाण्याच्या सुरुवातीला अमेरिकन साहेब आणि मडमांची नावं ठळक असतात. आपली माणसं बहुतेक वेळा आकड्यात येतात: दीक्षा मिळालेले पाळक इतके, उपदेशक इतके, शिक्षक इतके, बायबल-बाया इतक्या. त्या 'इतक्यां'पैकी एक माझे खापरपणजोबा आहेत हे कळतं आणि वाचताना जीव तुटतो. घोड्यावरून किंवा पायी गावोगाव हिंडून शाळा कुणी चालवल्या, पटकीत आणि प्लेगात माणसांच्या उशाशी कोण बसलं, हे त्या आकड्यांच्या मागे दडलेलं आहे.

माझे प्रश्न असे. दीक्षा कोणत्या मिशनमध्ये झाली हे नक्की कसं ठरवू? मराठी पाळकांची नावानिशी नोंद कुठे सापडेल? आणि मृत्यूची जागा व साल शोधायला काय वाट आहे?

---

प्रतिसाद १

ताई, तुम्हाला जे विचित्र वाटलं तिथेच तुमची वाट आहे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत दीक्षित पाळक हा स्थानिक मंडळीचा सभासद नसतो, तो प्रेस्बिटेरीचा, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या सभेचा, सभासद असतो. मंडळीचा कारभार सेशन पाहतं, म्हणजे पाळक आणि 'वडील' (मंडळीने निवडलेले ज्येष्ठ सभासद) मिळून. पण पाळकाला परवाना देणं, परीक्षा घेणं, दीक्षा देणं, बदली, शिस्त, निवृत्ती, सगळं प्रेस्बिटेरीच्या हातात. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीत तो सही करणारा म्हणून दिसतो, यादीत दिसत नाही. तुम्ही मंडळीच्या कपाटात शोधत होतात, कागद प्रेस्बिटेरीच्या इतिवृत्तांत असणार.

आता नावानिशी नोंदीचं. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या जनरल असेंब्लीचे, म्हणजे सर्वोच्च सभेचे, मिनिट्स (इतिवृत्तं) दरवर्षी छापले जात. त्यांत 'सिनॉड ऑफ इंडिया'खाली अलाहाबाद, फर्रुखाबाद, लाहोर, लुधियाना यांच्या जोडीला कोल्हापूर प्रेस्बिटेरीही असे. तिथे भारतीय पाळकांची नावंसुद्धा येतात. नावापुढे तो पाळक आहे, सुवार्तिक आहे की निवृत्त, याची खूण आणि टपालाचा पत्ता असतो. हे खंडही स्कॅन झालेले आहेत. १८८८पासून वर्षावर्षाने पुढे जा. नाव पहिल्यांदा दिसेल ते दीक्षेच्या वेळेशी जुळलं पाहिजे, पत्ता बदलला की बदली झाली. त्या वर्षात वारलेल्या पाळकांची वेगळी यादी असते, तीही पाहा. नाव या मिनिट्समध्ये मिळालं तर अमेरिकन की स्कॉच हा वादच मिटला.

एक धोक्याची सूचना. १९०४ मध्ये 'प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडिया' असं स्वतंत्र चर्च झालं. त्या सुमाराला अमेरिकन यादीतून नाव गेलं तर ते वारले असं धरू नका.

स्पेलिंग सैल ठेवून शोधा. जुन्या अहवालांत 'कोल्हापूर'मधला 'ह' गाळलेला असतो आणि 'पू'साठी दोन ओ असतात. माणसांची तर त्याहून तऱ्हा. पहिल्या पिढीत नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव पुष्कळदा दुसऱ्या पिढीत घेतलेलं. म्हणून तुमच्या आजच्या आडनावाने शोधू नका, पहिल्या नावाने शोधा.

आत्यांचं म्हणणं कुठून आलं याचा अंदाज करता येतो. १९२४ मध्ये 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' झालं आणि त्यात प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल (दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळ्या एकत्र आल्या. १९७० मध्ये त्यातून आजचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. पुण्यात वाढलेल्या नंतरच्या पिढ्यांच्या आसपास स्कॉच मिशनच्या शाळा आणि मंडळ्याच होत्या, त्यांनी तेच नाव तुमच्या खापरपणजोबांनाही लावलं असेल. तरीही स्कॉटलंडची बाजू तपासायची झाली तर एक लक्षात ठेवा: चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये १८४३ला पडलेल्या फुटीनंतर विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चमध्ये गेले. त्यामुळे त्यानंतरच्या नोंदी आधी फ्री चर्चच्या, १९००पासून युनायटेड फ्री चर्चच्या आणि १९२९नंतर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या नावाखाली बघाव्या लागतात. मिशनची कागदपत्रं एडिंबरोला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत.

आणखी एक जागा सहसा कुणाला सुचत नाही: सरकारी गॅझेट. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्याचा परवाना सरकार देई आणि तो गॅझेटात छापला जाई. रत्नागिरी जिल्हा ब्रिटिश मुलखात होता, कोल्हापूर संस्थान. म्हणून त्यांच्या रत्नागिरीच्या वर्षांपासून सुरुवात करा. मुंबई सरकारचं गॅझेट मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळेल. नाव, हुद्दा आणि तारीख एकत्र देणारा कागद तोच.

---

प्रतिसाद २

सलाम. मीही पाळकांच्याच घरातली, वय झालं आहे, म्हणून थोडं हक्काने सांगते.

बाळ, तू सगळं त्यांचंच शोधते आहेस. पाळकीणबाईंचं काय? त्यांचं नाव तुझ्या लिहिण्यात कुठेच नाही. त्या काळी पाळकाची बायको बहुधा मुलींच्या शाळेत शिकवायची किंवा बायबल-बाई म्हणून घरोघर जायची. अमेरिकन प्रेस्बिटेरियन बायकांचं एक मासिक १८७१पासून निघत होतं, 'वुमन्स वर्क फॉर वुमन'. मडमांची पत्रं त्यात छापून येत, आणि त्या पत्रांत शाळेतल्या आपल्या बायकांची नावं, आजारपणं, बाळंतपणं, सगळं असतं. साहेबांच्या अहवालात जे मिळत नाही ते मडमांच्या पत्रात मिळतं.

मृत्यूसाठी 'ज्ञानोदय' पाहा. ते १८४२ मध्ये नगरच्या अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलं. ते मिशन काँग्रिगेशनल, पण बातम्या साऱ्या मराठी मंडळ्यांच्या असायच्या. एखादा पाळक प्रभुवासी झाला की कुणीतरी दोन ओळी लिहायचाच. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत पत्र लिहून विचार, त्यांच्या ग्रंथालयात कोणत्या सालचे अंक आहेत.

आणि प्लेगात गेलेल्यांना नेहमीच्या जागी पुरलं असेलच असं नाही. कोडोली-रत्नागिरीच्या दफनभूमीत दगड मिळाला नाही तर खचून जाऊ नकोस.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मावशी, मनापासून आभार. प्रेस्बिटेरीच्या सभासदत्वाची गोष्ट कळल्यावर वहीतल्या त्या दोन सह्यांकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. १८९१च्या मिनिट्समध्ये कोल्हापूरच्या यादीत त्यांचं नाव सापडलं! स्पेलिंग वेडंवाकडं आहे, पण वडिलांच्या नावाचं आद्याक्षर जुळतं आणि पत्ता रत्नागिरीचा आहे. मधली वर्षं आता एकेक करून पाहते आहे.

मावशी, पाळकीणबाईंचं नाव बायबलात आहे, त्यांच्या माहेरचं नाही. त्यांच्यासाठी मासिकाचे अंक चाळायला घेतले आहेत.

आता उरली प्रेस्बिटेरीची हस्तलिखित इतिवृत्तं. दीक्षेआधी तिथे उमेदवाराची परीक्षा होते, त्यामुळे त्यांच्या गावाचा आणि घरच्यांचा उल्लेख असेल तर तिथेच असेल असं मला वाटतं. बोर्डाची जुनी पत्रं फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. त्या भागात राहणारं कुणी मराठी इथे आहे का? १८८८ ते १८९० या काळातली कोल्हापूरहून गेलेली पत्रं तिथे पाहता येतील का, एवढं विचारून कळवलंत तरी फार मदत होईल. आणि कोल्हापूर प्रेस्बिटेरीच्या जुन्या वह्या आज कुणाच्या ताब्यात आहेत हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया व्यनि करा.