थेरपीच्या मॅडमना प्रश्न विचारायचा तरी कसा?

ऐरोलीची_आई:
मुलगा साडेचार वर्षांचा, बोलायला उशीर. आठवड्यातून दोनदा ऐरोलीहून ठाण्याला स्पीच थेरपीला नेते. ४५ मिनिटांचं सेशन, दार बंद. मी बाहेर चपलांच्या रॅकशेजारी स्टुलावर. वहीत फक्त 'गुड सेशन' लिहून येतं.

मॅडम वाईट नाहीत हो. 'पाणी' हा त्याचा पहिला शब्द त्यांच्याचमुळे, मी त्या रॅकपाशी रडले होते. तिथेच तर सगळं अडतं. मागच्या महिन्यात लेखी रिपोर्ट मागितला, तर म्हणाल्या, "मम्मी, विश्वास नसेल तर दुसरीकडे बघा." मम्मी! माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. बँकेत दिवसभर लोकांकडे कागद मागते मी. इथे मात्र जीभ टाळ्याला. मी बोलायचे आणि बंद दाराआड राग पोरावर निघायचा, ही भीती. काय करू?

पिन्की_पेग:
मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाशीला. आई समोर असली की काही मुलं काम सोडून तिच्या मांडीत जातात, म्हणून दार लावतो. पण शेवटची १० मिनिटं आईला आत घ्यायलाच हवं, नाहीतर घरी ती सराव काय घेणार? आणि खरं सांगू? कुणी बघत नसलं की आम्हालाही बरं वाटतं. 'मम्मी' मीही म्हणते, नावं लक्षात राहत नाहीत. आजपासून लिहून ठेवेन.

कळवेकर:
स्पीच थेरपिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेकडे असते, नंबर विचारा. त्यात अपमान कसला? मुलाला डॉक्टरांनी तपासलं असेल तर ते कागद त्यांच्याकडे लेखी मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात. थेरपिस्टला तो नियम लागत नाही, तिथे गोडीतच घ्या. "विश्वास नाही" म्हणू नका, "घरी सराव घ्यायचाय, लिहून द्या" म्हणा.

ऐरोलीची_आई:
काल तेच वाक्य म्हटलं, लोकलमध्ये पाठ करून गेले होते. मॅडम क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "बसा की आत." छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून दहा मिनिटं बसले. तो फुगे फुंकत होता, प्रत्येक फुग्याआधी 'दे' म्हणायचं. घरी मी न मागताच सगळं हातात देते, ते तिथे कळलं. रिपोर्ट शनिवारी देणार आहेत.
मम्मीच म्हणतात अजून.