मदत हवी आहे: बेळगावात अनगोळहून सायकलनं बस स्टँड किंवा रेल्वे स्टेशन गाठायचंय, रस्ता कुठला धरू आणि सायकल लावू कुठं?

नमस्कार मंडळी, मी अनगोळला राहते आणि नोकरी खानापूरला, म्हणजे रोजचं जाणं-येणं कधी बस कधी पॅसेंजर. घरापासून गाडीपर्यंत आजवर रिक्षा नाहीतर भावाची बाईक, ते सोडून आता सायकल सुरू केलीय आणि मनापासून आवडलीय, ही सवय टिकवायचीच आहे म्हणून विचारतेय.

2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आलं, त्यानंतर बरेच रस्ते नवे झाले, काही ठिकाणी कडेनं सायकलचा पट्टा पण आखलाय, त्याचा आनंदच आहे. पण पट्टा त्या एका रस्त्यापुरता. चौक आला की संपला, आणि सायकलवाल्याला खरी भीती चौकातच असते की. मधेच भाजीची गाडी, पुढं दोन कार लावलेल्या, त्यांना वळसा घालायचा तर मागून टेम्पो हॉर्न मारत येतोय. आणि गटारीच्या जाळ्या! सळ्या रस्त्याच्या दिशेनंच बसवल्यात, माझं पुढचं चाक एकदा त्या फटीत बसलं, नशीब वेग कमी होता. त्याच जाळ्या आडव्या फिरवून बसवल्या तर काम झालं, वेगळा खर्च पण नाही. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत एका दिशेच्या सायकल ट्रॅकला किमान 2 मीटर रुंदी सांगितलीय, मी जाते त्या पट्ट्यावर हँडल आणि शेजारच्या बाईकचा आरसा एकमेकाला लागतोय.

आता तुम्ही म्हणाल तिसऱ्या रेल्वे गेटला खानापूरची बस धर की, घराजवळ आहे. धरायचे. पण जून 2023 ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली, आम्हा बायकांना बस फुकट, त्याचा मला महिन्याला चांगला आधार झालाय, फक्त सकाळची बस तिथं येईपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मध्यवर्ती स्टँडवरनंच बसून यायचं नाहीतर रेल्वे. आणि आपल्याकडं स्टेशन गोगटे सर्कलजवळ, स्टँड तिकडं किल्ल्यापाशी.

तर विचारायचंय ते असं. स्टेशनला जायला दुसऱ्या गेटनं काँग्रेस रोडला लागू का आरपीडी कॉर्नर, गोवावेस करत जाऊ? गेट पडलं की गाडी चुकते ही धास्ती आहे. स्टेशनपासून पुढं स्टँडपर्यंत कमी ट्रॅफिकचा रस्ता कुणाला माहितीय? दिवसभर सायकल कुलूप लावून सुरक्षित कुठं राहील, एका पार्किंगमधे तर सायकल घेतच नाही म्हणाले. आणि घडीची सायकल घेतली तर बसमधे चढवू देतात का, खानापूरला उतरून पण पुढं चालायचं वाचेल. पावसात कोण चालवत असेल तर तेही सांगा, आपला पाऊस माहितीच आहे.

प्रतिसाद:
ताई, मी टिळकवाडीतनं स्टेशनला सायकलनंच जातो. काँग्रेस रोडच बरा, सरळ आहे, झाडं आहेत, गोवावेसला सकाळी शाळेच्या रिक्षांची गर्दी फार. गेटसाठी थोडं लवकर निघायला लागतंय, त्याला इलाज नाही. स्टेशनहून स्टँडला जाताना बाजारातनं जाऊ नका, कॅम्पातनं, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातनं, आतल्या रस्त्यानं जावा, लांब पडतं पण निवांत. कुलूप यू आकाराचं घ्या आणि नुसत्या चाकाला नको, फ्रेम धरून पक्क्या खांबाला लावा. रेल्वेत साधी सायकल ब्रेकव्हॅनला (सामानाच्या डब्यात) बुक करायला लागते, रोजच्यासाठी ते परवडत नाही, वेळ जातो. घडीची असेल तर पिशवीत घालून सामानासारखी न्या. बेंगळूर मेट्रोनं 2022 पासून घडीच्या सायकलला परवानगी दिलीय, कोचीत तर 2020 पासून साधी सायकल पण मेट्रोत चालते. आपल्या बसला पण असं मागायला काय हरकत आहे. बसमधे मात्र कंडक्टरला आधी विचारा, गर्दीच्या गाडीत नको.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार दादा, कॅम्पातला रस्ता डोक्यातच आला नव्हता, सोमवारी तसंच जाऊन बघते. जाळ्यांचे फोटो काढून अर्ज द्यायचा विचार आहे, स्टँड आणि स्टेशनला सायकलसाठी लोखंडी रॅक पण मागायचाय त्यातच. अर्ज कानडीत लिहून द्यायला कुणी मदत करेल का? आणि वडगाव, शहापूर, हिंदवाडीकडनं जे कोण सायकलनं गाडी पकडायला जातात त्यांनी पट्टा कुठं तुटतो ती जागा इथं लिहा, सगळ्या एकाच अर्जात घालते.