शिसव, शिसवी की शिसम?

जुन्या नाशकातल्या आमच्या घरचा देव्हारा दुरुस्तीला काढलाय. आजी त्याला कायम 'शिसवी देव्हारा' म्हणायची. वखारीत फळी आणायला गेलो तर उत्तर मिळालं, "शिसवी म्हणजेच शिसम, एकच." घरी आणून शेजारी धरली तर देव्हारा जांभळट काळा आणि फळी तपकिरी! शब्द दोन आणि लाकूड एक, की लाकडंही दोन?

---

शब्द सख्खे, लाकडं चुलत. संस्कृत शिंशपा, प्राकृतात सीसवा, त्यावरून मराठीत शिसव. हिंदीत तेच शीशम, आणि फर्निचरच्या दुकानांतून ते 'शिसम' होऊन आपल्याकडे आलं. झाड शिसव, सागवानाचं ते सागवानी, तसं शिसवाचं ते शिसवी. पुढे बोलण्यात झाडालाही शिसवी म्हणू लागले, त्यात चूक काढायचं कारण नाही. शिसं, शिसपेन्सिल यांच्याशी मात्र नातं नाही. पंचवटीच्या गावात हेही सांगायला हवं की सुंदरकांडात हनुमान शिंशपेवर लपूनच सीतेला पाहतो.

---

मी सुतारकाम करतो. आपला शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया. शिसम किंवा शिसू म्हणजे डालबर्जिया सिस्सू, मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा. उभं झाड असेल तर पान बघा: शिसवाचं टोक बोथट, शिसूचं निमुळतं. वखारीत पान कुठलं? तिथे रंध्याचा एक हात मारून बघायचा. शिसवाच्या गाभ्यात जांभळट झाक आणि काळे पट्टे दिसतात, ताज्या कापाला गोडसर वास येतो. कडेचा पांढुरका भाग घेऊ नका, त्याला कीड लागते.

रेषा उलटसुलट असते. रंधा वीतभर लोण्यासारखा चालतो आणि पुढे तेच लाकूड उचकटतं. पातं अगदी थोडं बाहेर ठेवा, वरचेवर धार लावा, शेवटचा हात काचेच्या तुकड्याने खरवडून द्या. नाकाला रुमाल बांधाच, भुसा अंगाला खाजतो.

---

देव्हाऱ्याच्या पाठीमागे, जिथे पॉलिश पोचलेलंच नाही, तिथे नखभर खरवडलं. जांभळी झाक लख्ख दिसली! फळी परत करतोय. आता तसं लाकूड मिळेल कुठे?

---

जिथे जुना वाडा उतरवतायत तिथे विचारा. पलंगाचा एखादा खूर मिळाला तरी तुमचं काम भागेल. जुनं लाकूड मुरलेलं असतं, नंतर वाकत नाही. फक्त करवत लावण्याआधी खिळे शोधून काढा.