मदत हवी आहे : मोहरीला गंधक कोणत्या रूपात द्यावं, आणि वाण कोणता?

नमस्कार मंडळी. यंदा रब्बीत मोहरी घेतोय, पाणी दोनच पाळ्यांचं आहे. माती परीक्षणात गंधक कमी आलंय. आजवर स्फुरदासाठी (फॉस्फरस) डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतच टाकत आलो, आणि त्यात गंधक नसतंच. मोहरीच्या कोवळ्या पानांवर पिवळेपणा येतो, जुनी पानं हिरवी राहतात, म्हणजे हे नत्राचं (नायट्रोजन) दुखणं नाही, त्यात जुनी पानं आधी पिवळी पडतात.

हेक्टरी ४० किलो गंधक द्यायचं ठरवलंय. सिंगल सुपर फॉस्फेटमधून (साधारण ११ टक्के) द्यायचं तर ३६० किलोच्या आसपास लागेल, पण स्फुरदही त्यातच भागेल. मला तेच बरं वाटतंय. जिप्समही चालेल, त्यातलं गंधक सल्फेट रूपात असल्याने पिकाला लगेच मिळतं. बेंटोनाइट गंधक (बेंटोनाइट मातीत मिसळलेलं मूलद्रव्य रूपातलं गंधक) ९० टक्क्यांचं, वाहतुकीला सोपं. पण जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय मुळं ते घेत नाहीत. पेरणीच्या किती आधी ते मातीत मिसळलं तर फुलोऱ्यापर्यंत उपयोगी पडतं? कमी ओलाव्यात हे काम होतं का? ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

वाणाचं म्हणाल तर लवकर येणारा पुसा मोहरी २५ की जुना वरुणा, यात अडकलोय. पुसा मोहरी ३१ चाही विचार आहे. त्यात इरुसिक आम्ल (तेलातलं एक स्निग्धाम्ल) आणि ग्लुकोसिनोलेट (मोहरीला झणझणीतपणा देणारी द्रव्यं) दोन्ही कमी असतात. ग्लुकोसिनोलेटमध्ये गंधक असतंच, मग अशा वाणाला गंधकाची मात्रा कमी करावी का? तेलाच्या उताऱ्यावर काय फरक दिसला?