मदत हवी आहे: आजीच्या बाळकृष्णाचा हात निखळला
नमस्कार मंडळी. आमच्या देवघरात पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे, आजीला लग्नात माहेरून अन्नपूर्णेबरोबर मिळालेला, जेमतेम अंगठ्याएवढा. चिंचेने घासून घासून नाक-डोळे पुसट झालेत, तरी गोडच दिसतो. परवा घासताना त्याचा लोण्याच्या गोळ्याचा हात मनगटापासून निखळला. काळजात चर्र झालं! घरातले म्हणतात, मूर्ती खंडित झाली, विसर्जन करा. माझं मन धजत नाही. श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री ह्यालाच पाळण्यात घालतो, सुंठवडा दाखवतो.

डाख लावून हात जोडता येईल का? जोडल्यावर पुन्हा प्राणप्रतिष्ठा लागते की नुसता अभिषेक चालतो? पुण्यात तांबट आळीत एवढं नाजूक काम कोणी करतं का? तुटलेला हात कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवलाय.