फँटास्टिक फोर, अंक 2: स्क्रलांना गाई करून सोडणे न्याय्य वाटते का?

चौकटवाचक:

नमस्कार. फँटास्टिक फोर या अमेरिकी सुपरहिरो चौकडीच्या कॉमिकचे जुने अंक मी सध्या क्रमाने वाचत आहे आणि जानेवारी 1962 या तारखेच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटापाशी अडलो आहे. कथा स्टॅन ली यांची आणि चित्रे जॅक कर्बी यांची. ज्यांनी हा अंक वाचलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. पहिल्याच पानांत आपले चौघे नायक एकापाठोपाठ एक गुन्हे करताना दिसतात. थिंग (म्हणजे बेन ग्रिम) समुद्रातला तेलाचा मनोरा पाडतो, सू स्टॉर्म मौल्यवान रत्न पळवते, जॉनी अनावरणाच्या समारंभात संगमरवरी पुतळा वितळवून टाकतो आणि रीड रिचर्ड्स शहराची वीज बंद करतो. नंतर कळते की हे चौघे म्हणजे हव्या त्या माणसाचे रूप घेणारे स्क्रल नावाचे परग्रहवासी आहेत आणि पृथ्वीवर हल्ला करण्याआधी खऱ्या चौघांना बदनाम करून वाटेतून दूर करावे असा त्यांचा बेत आहे.

इथपर्यंत सारे उत्तम आहे, पण शेवटी रीड मागे राहिलेल्या तीन स्क्रलांना गाईंचे रूप घ्यायला लावतो आणि आपण खरोखर गाईच आहोत असे संमोहनाने त्यांच्या मनात भरवून त्यांना कुरणात सोडून देतो. हे वाचताना मला अस्वस्थ वाटले, कारण शत्रूला कैद करणे वेगळे आणि आपण कोण आहोत याची त्याची जाणीवच पुसून टाकणे वेगळे. जाणकारांना हा शेवट कसा वाटतो?

निळी शाई:

प्रश्न रास्त आहे, मात्र शेवटाकडे येण्याआधी अंकाच्या मधल्या भागाकडे पाहावे असे मला वाटते, कारण सगळी गंमत तिथे आहे. स्क्रलांचा अड्डा शोधण्यासाठी जॉनी नव्या अग्निबाणाच्या तळाची मुद्दाम नासधूस करतो, म्हणजे बाकीचे स्क्रल त्याला आपल्यातलाच एक समजून सोबत नेतील. पुढे खरे चौघे स्क्रलांच्या अंतराळयानात जातात तेव्हा तिथल्या सेनापतीला सांगतात, की आम्ही फँटास्टिक फोरचे रूप घेतलेले तुमचेच हेर आहोत. खऱ्या माणसांनी स्वतःच्या तोतयांचे सोंग आणावे ही कल्पना 1962 च्या मुलांच्या कॉमिकमध्ये इतक्या सहजपणे आलेली पाहून मी आजही थक्क होतो. हाणामारीपेक्षा बुद्धीवर मिळवलेला हा विजय आहे.

त्यानंतर रीड सेनापतीला पृथ्वीवरच्या भयंकर राक्षसांची ‘छायाचित्रे’ दाखवतो आणि सेनापती घाबरून हल्ल्याचा बेत सोडतो. ती प्रत्यक्षात ‘स्ट्रेंज टेल्स’ आणि ‘जर्नी इंटू मिस्टरी’ या कॉमिकमधली कात्रणे असतात. ही दोन्ही मासिके त्याच प्रकाशनगृहाची होती आणि त्यांतले कित्येक राक्षस स्वतः कर्बी यांनीच काढलेले होते. म्हणजे सुपरहिरोंच्या नव्या युगाला त्याच चित्रकाराच्या जुन्या राक्षसकथा वाचवतात.

अरण्यकांड:

मी या अंकाकडे ‘रूप’ या शब्दाच्या अंगाने पाहतो. आपल्याकडे मनाला येईल ते रूप घेणाऱ्याला कामरूपी म्हणतात आणि त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे मारीच. सोन्याचे हरीण होऊन तो रामाला दूर नेतो, पण बाण लागताच हरणाचे रूप गळून पडते आणि मूळचा राक्षस समोर येतो. पुढच्या काळातल्या कथांत स्क्रलांनाही नेमका हाच नियम लागू झाला. 2007 मध्ये ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’च्या 31 व्या अंकात इलेक्ट्रा ही मारेकरी स्त्री मारली जाते आणि तिच्या प्रेताच्या जागी स्क्रल दिसतो. तोवर कोणालाही संशय आलेला नव्हता. त्याच धाग्यातून 2008 ची ‘सीक्रेट इन्व्हेजन’ ही मोठी कथामालिका उभी राहिली.

मारीचाला मरताना तरी स्वतःचे रूप परत मिळते. गाई झालेल्या स्क्रलांना जिवंतपणी ते मिळत नाही, आणि तुम्हाला जी अस्वस्थता जाणवली तिचे मूळ मला इथे दिसते.

जाता जाता एक सुचवतो. अशा खलनायकाला मराठीत सर्रास ‘बहुरूपी’ म्हटले जाते, ते टाळावे. बहुरूपी दारात येतो तेव्हा हे सोंग आहे हे त्यालाही माहीत असते आणि आपल्यालाही. तिथे फसवणूक नसते, कला असते. स्क्रलासाठी ‘मायावी’ किंवा ‘कामरूपी’ हेच शब्द योग्य आहेत.

जुना गठ्ठा:

न्यायाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की हा शेवट क्रूर आहे आणि पुढच्या लेखकांनाही तो पचला नसावा, कारण त्यांनी या गाईंना कुरणात स्वस्थ चरू दिले नाही. रॉय थॉमस यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या क्री हे दुसरे परग्रहवासी आणि स्क्रल यांच्या युद्धाच्या कथेत हेच तीन स्क्रल कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन आणि थॉर यांची रूपे घेऊन परततात. 1983 मध्ये जॉन बर्न यांनी फँटास्टिक फोरच्या 17 व्या वार्षिक अंकात या गाईंचे दूध प्यालेल्या गावकऱ्यांचे काय झाले ते दाखवले. 1995 च्या ‘स्क्रल किल क्रू’मध्ये तर त्यांचे मांस खाल्लेली माणसे येतात. मूळ अंकात थोडक्या चौकटींत उरकलेल्या शिक्षेची भरपाई तीस वर्षे चालू राहिली.

अर्थात काळाचेही भान ठेवायला हवे. 1954 पासून अमेरिकी कॉमिकवर आचारसंहिता लागू होती आणि अतिरेकी हिंसा दाखवण्यास मनाई होती. तेव्हा शत्रूला न मारता निरुपद्रवी करणे लेखकाला सौम्यच वाटले असेल. शिवाय तो शीतयुद्धाचा काळ होता. शेजारी बसलेला माणूस आतून परका असेल, ही भीती वाचकांच्या घरांत आधीच शिरलेली होती आणि अशा परक्याच्या मनाची काळजी करण्याची तेव्हा रीत नव्हती.

चौकटवाचक:

सर्वांचे मनापासून आभार. ‘रूप’ हा शब्द डोक्यात ठेवून काल रात्री अंक पुन्हा वाचला, तेव्हा पहिल्या वाचनात निसटलेला एक प्रसंग सापडला. स्क्रलांच्या यानावरून परतताना बेन ग्रिमचे दगडासारखे शरीर क्षणभर नाहीसे होते, तो पुन्हा माणूस होतो आणि लगेच पुन्हा थिंग होतो. ज्याला स्वतःचे रूप हवे आहे त्याला ते टिकवता येत नाही, आणि त्यानंतर काही पानांतच ज्यांना हवे ते रूप घेता येते त्यांच्यावर एकच रूप कायमचे लादले जाते. हे लादणारा रीड आहे, ज्याच्या अंतराळमोहिमेमुळे बेनची ही अवस्था झाली. निदान बेनने तरी त्या कुरणापाशी काहीतरी बोलायला हवे होते.

निळी शाई:

हा दुवा माझ्याही लक्षात आला नव्हता. आणखी एक पाहा: या अंकात चौघांना अजून गणवेश नाहीत, ते तिसऱ्या अंकात येतात. म्हणून इथे ओळखीची सारी भिस्त चेहऱ्यावर आणि शक्तीवर आहे, आणि स्क्रल नेमक्या त्याच दोन गोष्टींची नक्कल करतात. पुढे सप्टेंबर 1963 च्या 18 व्या अंकात चौघांच्याही शक्ती एकट्याच्या अंगी असलेला सुपर स्क्रल येतो. तो अंक वाचून झाला की याच ठिकाणी अवश्य लिहा.