मदत हवी आहे: मुलीचा मधुमेह टाइप वन की आनुवंशिक?

माझी मुलगी १५ वर्षांची आहे. ती ११ वर्षांची असताना, गणेश चवथीच्या आठवडाभर आधी, तापासाठी केलेल्या रक्ततपासणीत साखर २६० आढळली. लघवीत कीटोन नव्हते, वजनही घटले नव्हते; तरी वय पाहून टाइप वन असे निदान झाले आणि इन्सुलिन सुरू झाले. आज तिचे वजन ४६ किलो आहे आणि चार वर्षांत दिवसाला १२ युनिटांच्या पलीकडे जावे लागलेले नाही. टाइप वनमध्ये सहसा आढळणाऱ्या जीएडी आणि आयए-२ या दोन्ही अँटीबॉडी निगेटिव्ह आल्या. गेल्या महिन्यात केलेले सी-पेप्टाइड चांगले आले, म्हणजे तिचे स्वादुपिंड अजून स्वतःचे इन्सुलिन तयार करते आहे.

माझ्या यजमानांना २३व्या वर्षी आणि सासूबाईंना पहिल्या गरोदरपणात मधुमेह निघाला. तिघेही अंगाने काटकुळे. सासूबाईंना ग्लिबेनक्लामाइडची अर्धी गोळीही इतकी लागू पडते की सोमवारच्या उपवासाला हात थरथरू लागतात, म्हणून गोळ्यांच्या डब्यातच माडाच्या गुळाचा खडा ठेवलेला असतो.

वाचताना 'मोडी' हा प्रकार समोर आला. (नाव लिपीचे, आणि वाचायलाही तितकाच अवघड.) हा एकाच जनुकातील दोषामुळे होतो आणि आईवडिलांपैकी एकाकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यातील एचएनएफ-१ए या प्रकारात मूत्रपिंड साखर लवकर लघवीत सोडते, असे कळल्यावर मी घरी पाहिले: ग्लुकोमीटरवर १४८ असताना लघवीच्या पट्टीचा निळसर चौकोन तपकिरी झाला होता, एरवी साधारण १८० ओलांडल्याशिवाय असे होत नाही. याच प्रकारात सल्फोनिलयुरिया गोळ्या (सासूबाईंची ग्लिबेनक्लामाइड याच गटातली) अल्प मात्रेत उत्तम चालतात आणि अनेकांचे इन्सुलिन सुटते. ग्लुकोकायनेज या प्रकारात तर बहुधा औषधच लागत नाही, पण त्यात साखर सौम्यच वाढते. आमचे आकडे तसे नाहीत.

हे मांडल्यावर डॉक्टर हसून म्हणाले, "गोव्यात कोणाच्या घरात साखर नाही?" त्यांचे अगदीच चुकले असे नाही, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. पण चाळिशीनंतर पोट सुटलेल्या माणसाचा मधुमेह आणि सलग तीन पिढ्यांत पंचविशीच्या आत बारीक माणसांना झालेला मधुमेह एकाच तागडीत कसा तोलायचा?

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ही जनुकीय तपासणी होते. बांबोळीच्या गोमेकॉमधून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून) किंवा गोव्यातून अन्य मार्गाने नमुना पाठवून कोणी ती करून घेतली आहे का? खर्च किती आला आणि अहवालाला किती दिवस लागले? निदान बदलल्यावर इन्सुलिनवरून गोळीवर येताना रुग्णालयात राहावे लागले का? धाकटा मुलगा ९ वर्षांचा आणि ठणठणीत आहे. त्याची आताच तपासणी करू नये असे माझे मत आहे, वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर पाहणे पुरेसे वाटते. अनुभव वेगळा असल्यास अवश्य सांगावे.

अहवाल आणि तज्ज्ञांचा सल्ला मिळेपर्यंत इन्सुलिनचा एकही डोस आम्ही चुकवणार नाही, त्यामुळे 'सोडून बघा' असे कृपया सुचवू नये.

आणखी एक. कागदावर 'आनुवंशिक' असे लिहून आले तर उद्या नातीच्या सोयरिकीत अडेल, या भीतीने सासूबाई स्वतःचे रक्त द्यायला तयार नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कोणी समजावले असेल, तर कसे समजावले तेही लिहावे.